चार गाड्यांची मालकीण

तांबड्या जोगेश्वरीची शप्पथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एकजरी खोटा निघाला तर यापुढे माझी पोळी फुगू नये. हेमाच्या बाबतीत लोकांनी मागाहून काहीबाही जोडलं. कोणी म्हणालं तिला पकडून नेलं, कोणी म्हणालं तिनेच हवालदाराची पावती फाडली. त्या लोकांना तिखटमीठ लावल्याशिवाय घास उतरत नाही. मी मात्र घडलं तसं सांगते, आणि ते घडलं एका लाल दिव्यापाशी, बुधवारी सकाळी साडेनऊला, वारज्याच्या चौकात.

हेमा पांढऱ्या पट्ट्याच्या अलीकडे उभी होती. पट्ट्यावर नाही, पट्ट्याला चाक टेकवून नाही, चांगली हातभर अलीकडे. डावा पाय रस्त्यावर, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटचा बंद हनुवटीखाली अडकवलेला. सोसायटीतल्या बायका पहिल्या पहिल्यांदा तिला विचारायच्या, चंद्रावर निघालीस का गं. तिने हेल्मेट सोडलं नाही, मग बायकांनीच विचारणं सोडलं. दिव्याखालचे आकडे बहात्तरावरून उतरत होते आणि तिच्या दोन्ही अंगांनी पुणं वाहत होतं. डबेवाले, कॉलेजातल्या पोरी, पुढे सिलिंडर उभा धरून एक बाप्या, सगळे तिला वळसा घालून पुढे, जशी काय ती रस्त्यात रुतलेली शिळा. मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. ‘काकू, मुहूर्त काढलाय का निघायचा?’ असं म्हणत एकजण गेला आणि जाता जाता त्याचा आरसा तिच्या कोपराला घासला. यात नवीन काहीच नव्हतं. चाळीस वर्षं ती या शहरात लाल दिव्याला थांबत आली होती आणि चाळीस वर्षं तिने पाठीवर शिव्या घेतल्या होत्या. अंघोळ करताना तिला कधीकधी वाटायचं, एव्हाना आपल्या पाठीला घट्टे पडले असतील. आकडा एकतिसावर आला तेव्हा झाडाखालचा हवालदार हातातलं यंत्र बघत बघत सावकाश चालत आला आणि तिच्या पुढ्यात उभा राहिला. त्याचंही बरोबरच होतं. पळत्या गाडीचा नंबर कोण वाचणार? वाचायचा तर उभ्या गाडीचा, आणि उभी एकटी हेमाच होती.

त्याने गाडी कडेला घ्यायला सांगितली, लायसन्स मागितलं. चांगला माणूस होता, ताई ताई करत बोलत होता. हेमा श्रीधर वझे आपणच ना, म्हणाला. मग त्याने यंत्रात काहीतरी दाबलं, भुवया वर नेल्या आणि लग्नपत्रिका वाचावी तशा शांत आवाजात सांगितलं की आपल्या नावावर एकोणतीस चलनं आहेत, सगळी या एका वर्षातली. हेमाला हसूच आलं. ती म्हणाली, अहो, मी आत्ता थांबले होते ते बघितलंत ना? बघितलं, तो म्हणाला, या गाडीवर एकही नाहीये. पण तुमच्या नावावर चार गाड्या आहेत. बाकीच्या तीन गाड्यांवरची आहेत सगळी. सिग्नल, उलट दिशेने, तिघं एका गाडीवर, फोन. मेसेज गेलेत की प्रत्येक वेळी. त्याने मेसेज गेलेल्या मोबाईलचे शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. ते श्रीधरचे होते, म्हणजे तिच्या नवऱ्याचे. ‘एवढी साठली की लायसन्स निलंबित होतं, ताई. सुनावणीची नोटीस घरी आली असेल, शोधा,’ असं म्हणून त्याने लायसन्स तिच्या हातात परत दिलं. मधल्या मध्ये दिवा हिरवा झाला होता. हेमा हिरव्यात उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा.

तरीही ती खडकीला गेलीच, कारण बुधवार होता. कर्वे रस्त्याने जाताना तिच्या डोक्यात चार गाड्या एकामागून एक फिरत होत्या. तिच्या हातगुणाची ही कहाणी. लग्नानंतर श्रीधरने नवी स्कूटर घेतली, स्वतःच्या नावावर, आणि तिसऱ्या दिवशी ती मंडईपाशी चोरीला गेली. सासूबाई, गोदाबाई त्यांचं नाव, पोलिसांत जायच्या आधी देवापुढे बसल्या. त्यांनी हेमाच्या हातात उरलेली किल्ली दिली, नारळ दिला, आणि म्हणाल्या, तू माग. हेमाने काय मागितलं ते तिलाच माहीत, पण चौथ्या दिवशी सकाळी ती स्कूटर दाराशी उभी. चोरानेच आणून लावलेली, पुसून, वर टाकी भरून. झालं. त्या दिवसापासून घरात येणारं प्रत्येक चाक हेमाच्या नावावर. श्रीधरची गाडी, मुलगा आमोद नोकरीला लागल्यावर त्याची मोटरसायकल, मुलगी तनयाची गाडी, आणि शेवटी तिची स्वतःची मलईच्या रंगाची. दर वेळी तिला ठेवणीतली साडी नेसवून शोरूममध्ये न्यायचे, सह्या घ्यायचे, चाकाखाली लिंबू, हँडलला हार, आणि शोरूमवाला किल्ली तिच्या ओंजळीत ठेवायचा. फोटो निघायचा. मग ज्याची गाडी तो तिच्या ओंजळीतून किल्ली उचलायचा. दहा मिनिटं. तिची सोडून बाकी तीन गाड्यांची मालकी तिच्याकडे दर खेपेला दहा मिनिटं राहिली होती. फॉर्मवर मोबाईल नंबर श्रीधर आपला घालायचा. तिला मेसेज बघता येत नाहीत, असं तो शोरूमवाल्याला सांगायचा आणि दोघं समजूतदारपणे हसायचे. ती तेव्हा हार सारखा करत असायची.

विद्यापीठाच्या चौकात ती थांबली, पट्ट्याच्या हातभर अलीकडे. हा अकरावा. वारजे ते खडकी सोळा सिग्नल होते आणि तिला ते जपाच्या मण्यांसारखे पाठ होते. खडकीत तिचे वडील, नाना, दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, स्फोटकं भरायच्या खात्यात. नाना म्हणायचे, आमच्या खात्यात नियम मोडणाऱ्याला दंड होत नाही, तो उरतच नाही. त्यांनी तिला क्वार्टर्सच्या बाहेरच्या रस्त्यावर लूना शिकवली. तिथे तेव्हा सिग्नल कसला, माणूसही दिसायचा नाही दुपारचा. मोठमोठी झाडं आणि त्यांच्या सावल्या. तर नाना स्वतः चौकाच्या मधोमध लाल फडकं धरून उभे राहायचे आणि मोठ्याने साठ आकडे म्हणायचे. ती लूनावर पाय टेकून थांबायची. शेंगदाणे खात बसलेल्या क्वार्टर्समधल्या पोरी फिदीफिदी हसायच्या. कोणी नाहीये नाना रस्त्यावर, ती एकदा म्हणाली होती. नानांनी बेचाळीसवर थांबून सांगितलं, कोणी नसलं तरी सिग्नल असतो, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांनी खडकी बाजारात दोन खोल्या घेतल्या. हेमा दर बुधवारी जायची. दार उघडताना त्यांचा पहिला प्रश्न, कशी आलीस? गाडीवर. पाळलेस ना सगळे? पाळले. मग आत घ्यायचे. चहा त्यानंतर.

नाना जानेवारीत गेले. भावाने खोल्या विकल्या, आता तिथे कोणी शिवणकामाचा माल ठेवतं, दाराला कुलूप असतं. पण हेमाचा बुधवार चुकला नाही. घरी ती सांगायची, शालनकडे जाते. शालन तिची शाळेपासूनची मैत्रीण, खडकीचीच. ती खडकीला असती तर हेमा गेलीही असती, पण शालन चार वर्षांपूर्वी लेकीकडे नागपूरला राहायला गेली होती. हेमा जायची ती त्या कुलपापाशी. गाडी समोर लावायची, हेल्मेट तसंच डोक्यात, आणि आतल्या आत, काचेवर वाफ धरेल एवढ्याच आवाजात म्हणायची, पाळले. सोळाच्या सोळा. मग परत फिरायची. एवढंच. सात महिने दर बुधवारी. का, ते ती स्वतःलाही विचारत नसे. जानेवारीतल्या त्या दिवसाशी तिचा विचार आला की तो तिथून गाडी वळवावी तसा वळायचा.

त्यात उजवा डोळा. त्याच्या मधोमध एक पुसट ठिपका येऊन बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सध्या हळू चालवताय तर चालवा, पण पुढच्या वेळी मी दाखल्यावर सही करणार नाही. लायसन्स नोव्हेंबरात संपत होतं, तिच्या साठीच्या वाढदिवसाला. घरात कोणाला डोळ्याचं माहीत नव्हतं. हेमाच्या हिशेबी ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचे बुधवार तेवढे उरले होते, आणि त्यातला प्रत्येक तिने मनात वेगळा काढून ठेवला होता, दिवाळीच्या फराळाचा डबा लपवावा तसा.

नोटीस साड्यांच्या दुकानाच्या पिशवीत सापडली. त्या पिशवीत वझ्यांचे सगळे कागद असत. गॅसची पुस्तकं, जुनी बिलं, तनयाची लसीकरणाची चिठ्ठी, आणि तिच्याखाली दोन घड्या घातलेली नोटीस, तीन आठवडे आधी आलेली. सुनावणी येत्या सोमवारी. तिने ती जेवणाच्या टेबलावर, भाजीच्या भांड्याशेजारी ठेवली. श्रीधरने चष्मा न लावताच ती ओळखली. ते होय, म्हणाला. तो बँकेतून निवृत्त झाला होता आणि कुठलीही गोष्ट बावीस नंबरच्या खिडकीवर चौकशी करा अशा सुरात सांगायचा. चलनं लगेच भरायची नसतात, लोक अदालत लागते, तिथे निम्म्यात मिटतं. सगळं पुणं थांबतं लोक अदालतीसाठी, आपणच काय ते शहाणे? तिला उगाच ताप नको म्हणून बोललो नाही. आमोदला माहीत होतं. तनयाला माहीत होतं. तनयाने तर कॅमेऱ्याचा आपला फोटो मैत्रिणींना पाठवलाही होता, म्हणाली, आई, इतका क्यूट आलाय ना. हेमाला वाटलं आपण या टेबलाशी पाहुण्या आलो आहोत आणि यजमान आपसात घरचं काही बोलताहेत.

नोटिशीत लिहिलं होतं की गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं नाव सुनावणीत द्यावं, कारवाई त्याच्यावर होईल. हे वाक्य तिने वाचून दाखवलं. मग आमोदने घसा साफ केला. तो खराडीला कंपनीत होता आणि ऑक्टोबरात दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला होता. तिथे गाडी चालवायचा परवाना इथल्या लायसन्सवर मिळतो. आई, आत्ता माझ्या लायसन्सवर काही आलं ना तर सगळंच अडकेल, तो म्हणाला, तू समजू शकतेस. श्रीधर म्हणाला, माझ्या या वयात लायसन्स गेलं तर लोक काय म्हणतील, मी सोसायटीचा चेअरमन आहे. तनया म्हणाली, थ्री मंथ्सचं तर सस्पेन्शन आहे, आई.

‘आणि तुला कुठे जायचं असतं गं एवढं?’ श्रीधरने विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच आठवत नव्हतं.

‘खडकीला. बुधवारी.’

‘मग शालनला इकडे बोलाव की. तिला काय पाय नाहीत? मी घेऊन येईन तिला बसस्टॉपवरून.’

हेमा उठली आणि आमटी गरम करायला गेली. आमटी गरमच होती. ती शेगडीपाशी उभी राहून तिच्यावरचे बुडबुडे बघत राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला राग चलनांवर नाही, नोटिशीवर नाही, त्या ‘कुठे’ या शब्दावरही नाही. आपल्याला जिथे जायचं असतं ते सांगता येण्यासारखं ठेवलंच नाही आपण, याच्यावर आहे. ती जागा फक्त अडीच फूट रुंदीच्या एका कुलूपबंद दाराएवढी होती, आणि तीही दुसऱ्याची.

रविवारी दुपारी तिने कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि त्यावर नावं लिहून पाहिली. श्रीधर मोरेश्वर वझे. आमोद श्रीधर वझे. तनया श्रीधर वझे. हळदीकुंकवाची यादी करावी तशी सुबक. तिला बरं वाटलं. नावं द्यायची. खरी नावं देणं म्हणजे काही चहाडी नव्हे. चाळीस वर्षं थांबलेल्या बाईला एवढा हक्क आहे. सोमवारी निघताना आमोद खोलीतूनच म्हणाला, आई, ते विचारतील त्याला फक्त हो हो म्हण. श्रीधरने सांगितलं, आधार कार्डाची झेरॉक्स ने, दोन ने. तिने पान घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि आपली गाडी काढली.

आरटीओतल्या खोलीत खुर्चीवर तिशीतल्या एक बाई होत्या. दारावर पाटी होती, शर्मिला ओव्हाळ. केस घट्ट बांधलेले, टेबल स्वच्छ, समोरच्याला खुर्ची द्यायची पद्धत. त्यांनी पडदा हेमाकडे वळवला आणि छापील तक्ता दिला. एका बाजूला चलनाचा नंबर, दुसऱ्या बाजूला रिकामा रकाना. फोटो बघा, चालवणारा ओळखा, नाव लिहा, घाई नाही, त्या म्हणाल्या. त्या रोज असली माणसं बघत असाव्यात, कारण त्यांनी पाण्याचा पेला आधीच सरकवून ठेवला होता.

सगळे फोटो पाठमोरे होते. कॅमेरा नंबरप्लेट बघतो, त्याला तोंडाशी कर्तव्य नाही. हेमा बघू लागली आणि तिला वाटलं, आपण आपल्या घरच्यांना असं कधी बघितलंच नाही. दारातून जाताना बघितलं, पण दार लागलं की ती माणसं कुठे जातात, कशी होतात? हा श्रीधर, डहाणूकर कॉलनीच्या वळणावर उलट्या बाजूने घुसलेला, हँडलला दुधाची पिशवी. इतरांना रांगेत उभं राहायला शिकवण्यात त्याची हयात गेली. ही तनया, तिघी एका गाडीवर, आणि ती मान मागे टाकून हसते आहे. पाठमोऱ्या माणसाचं हसू दिसतं? दिसतं. खांद्यांत दिसतं. घरात हे खांदे असे हसत नाहीत. हा आमोद, खराडीच्या सिग्नलला, कान आणि खांद्याच्या मध्ये फोन. हा आमोद. हा पुन्हा आमोद. तिने लिहायला घेतलं. पहिल्या रकान्यात श्रीधर. दुसऱ्यात तनया. पेन छान चालत होतं. तिसऱ्यात आमोद, चौथ्यात आमोद. तेराव्यापर्यंत ती आली तेव्हा तिच्या पोटात काहीतरी सैल झालं होतं, खूप दिवसांनी घट्ट साडी सोडावी तसं.

चौदाव्या फोटोत आमोदच्या मागे एक बाई बसली होती. हेल्मेट घातलेली, पदर वाऱ्यावर सुटलेला, आणि तिचा उजवा हात त्याच्या खांद्यावर. खांद्यावर ठेवलेला नव्हे. बोटं रुतलेली दिसत होती शर्टात. पुढे वरती दिवा लाल. खाली तारीख होती जानेवारीतली.

कांताबाईंचा फोन आला होता, नानांच्या शेजारणीचा. नाना पडलेत, या. आमोद त्या दिवशी घरून काम करत होता, त्याने मोटरसायकल काढली आणि ती मागे बसली, गाडीवर मागे बसायची सवय नसलेली. पहिल्या सिग्नलला तो थांबला. तिचाच मुलगा तो, तिच्यादेखत थांबायचाच. आकडे होते ऐंशी. तिने ते एकोणऐंशी, अठ्ठ्याहत्तर बघितले आणि तिच्या तोंडून आलं, घाल. आई, रेड आहे. घाल म्हणते ना गाडी. त्याने मागे वळून तिच्याकडे बघितलं, कोण बसलंय ते बघावं तसं. आणि घातली. पुढच्या दोन सिग्नलला तो थांबायला गेलाच नाही. नाना दवाखान्यात होते, शुद्धीत होते. तिला बघून ओठ हलले. ती वाकली. कशी आलीस? गाडीवर, नाना. मग थोडा वेळ नुसता श्वास. आणि मग, पाळलेस ना सगळे?

पाळले, ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दिवे लागायच्या आत गेले.

हेमाने पेन खाली ठेवलं. शर्मिलाबाईंनी विचारलं, या मागच्या बाईंना ओळखता का? ओळखते, ती म्हणाली, तिनेच सांगितलं त्याला तोडायला. शर्मिलाबाईंनी फोटोकडे बघितलं, मग तिच्या मांडीवरच्या हेल्मेटकडे. त्या एवढंच म्हणाल्या की नाव चालवणाऱ्याचंच लिहायचं असतं, बसणाऱ्याचं नाही, हे एक सोडून द्या, बाकी लिहा. पण हेमाच्या हाताला ते जमेना. मरणाऱ्या बापाशी खोटं बोललेल्या तोंडाने आता अठ्ठावीस खरी नावं सांगायची? आणि हेही खरं, मोठेपणा नव्हता त्यात. तिच्या आतून काहीतरी कडू कडू वर येत होतं. नकोत द्यायला नावं. राहू देत पाठमोरेच. तिने दुसरा तक्ता मागून घेतला आणि एकोणतीस रकान्यांत एकोणतीस वेळा लिहिलं, हेमा, हेमा, हेमा, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसं.

शर्मिलाबाईंनी तो वाचला. मग बोट ठेवून म्हणाल्या, ‘मॅडम, हे बघा. सोळा मार्चला नऊ बारा, खराडी. त्याच दिवशी नऊ चौदा, वारजे. दोन मिनिटांत आलात?’

‘आले.’

‘दोन वेगळ्या गाड्यांवर?’

‘बायका असतात एका वेळी चार ठिकाणी. तुम्हाला माहीत नाही का?’

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खिडकीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, त्यांचीही कुठेतरी कोणीतरी वाट बघत असेल. मग म्हणाल्या, हे खोटं आहे ते मला दिसतंय, पण फोटोत फक्त पाठी आहेत आणि सही तुमची आहे. तीन महिने निलंबन. आणि बघा, ते उठतं त्याच आठवड्यात लायसन्सची मुदत संपते आहे, नूतनीकरणाला डोळ्यांचा दाखला लागेल. हो, हेमा म्हणाली. तिने लायसन्स टेबलावर ठेवलं. त्यावरच्या फोटोत ती पंचावन्नची होती आणि सरळ बघत होती. गाडी तिथेच आवारात ठेवावी लागली. संध्याकाळी तनया येऊन घेऊन गेली.

घरी श्रीधर म्हणाला, झालं ना? मी म्हणत नव्हतो? आमोद म्हणाला, थँक्स आई, यू आर द बेस्ट, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, दोन बोटं, अलगद. तिने कागदावर काय लिहिलं ते कोणी विचारलं नाही. तिने सांगायचं ठरवून वाक्य तयार ठेवलं होतं, ते तिने दोन दिवस तोंडात धरलं आणि मग गिळलं. तनयाने मलईच्या रंगाची गाडी आपल्याकडेच ठेवली, पडून राहिली तर बॅटरी उतरते म्हणाली. आठवड्याभरात तिच्यावर पहिलं चलन आलं. मेसेज श्रीधरच्या फोनवर वाजला आणि त्याने तो अंगठ्याने वर सरकवला. मधला बुधवार गाडीविना घरातच गेला. पुढच्या मंगळवारी जेवताना त्याने जाहीर केलं की आमोद जायच्या आधी घरात चारचाकी घ्यायची, बुकिंग झालं आहे, उद्या अकराला शोरूमला जायचं, ती हिरवी पैठणी काढ. कोणाच्या नावावर, हेमाने विचारलं. सगळे तिच्याकडे बघू लागले. तुझ्याच, दुसऱ्या कोणाच्या? हातगुण तुझा. मला लायसन्स नाही, ती म्हणाली. श्रीधरने पापड मोडला आणि शांतपणे सांगितलं, मालकीला लायसन्स लागत नाही.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. साडेनऊला हेमा साध्या साडीत चपला घालू लागली. शोरूमचं काय, असा प्रश्न आतून आला. सही घरी येऊनही घेतात, ती म्हणाली, आणि घेतात हे खरंच होतं, दुपारी माणूस येऊन बसलाही होता, तिची वाट बघत. ती जिना उतरू लागली तेव्हा श्रीधर दारापर्यंत आला, कठड्यावर वाकला आणि म्हणाला, ‘सावकाश जा गं.’ ती क्षणभर थांबली आणि उतरली.

बसमध्ये तिला मधल्या दाराजवळ उभं राहायला जागा मिळाली. हातात काही नव्हतं. उजवी मूठ आपोआप वळत होती आणि सुटत होती, गाडीच्या हँडलवर असल्यासारखी. बसमधल्या माणसाचे सिग्नल ड्रायव्हर पाळतो. त्याने नळ स्टॉपला पाळला, पुढचा पाळला, त्याच्या पुढे दिवा पिवळा असताना वेग वाढवून लालात घुसला, आणि अख्ख्या बसमध्ये एकाही माणसाने वर बघितलं नाही. हेमा मोजत राहिली. खडकी बाजारात उतरून ती कुलपापाशी उभी राहिली. आज डोक्यात हेल्मेट नव्हतं, काच नव्हती, शब्द कुठे धरायचा कळेना. शेजारून कांताबाई कपडे वाळत घालता घालता बघत होत्या.

‘चौदा पाळले, नाना,’ हेमा म्हणाली. ‘दोन तुटले. आणि त्या दिवशीचे तीन.’

कुलूप लहानसं होतं, नवीन होतं, त्यावर ऊन पडलं होतं. ती थोडा वेळ थांबली. साठ आकडे. मग बसस्टॉपकडे वळली.

आता पोळीची शप्पथ घेतली आहे म्हणून सांगून टाकते. चोराने स्कूटर पुसून आणून लावली, ते खरं आहे, वझ्यांकडे कोणालाही विचारा. दोन मिनिटांत खराडीहून वारज्याला आली, ते तर सरकारी कागदावर आहे. खोटं एकच. ते ‘सावकाश जा गं’ मी घातलं. श्रीधर दारापर्यंत आलाच नव्हता, शोरूमच्या त्या प्रश्नानंतर आतूनही कोणी काही म्हणालं नाही. पण त्या बाईला तीन मजले तशीच मुकाट उतरवायची म्हणजे माझ्याच्याने होईना.